कितवी आले?

"ताई, कितवा नंबर?"

हे विचारल्याशिवाय आमच्या गेटवरचे मामा मला आत सोडत नाहीत. शर्यतीच्या दिवशी पहाटे पावणेचारला कुलूप काढून देतात तेच, त्यामुळे निकाल विचारायचा पहिला हक्क त्यांचा, हे मला मान्य आहे. पण मग ऑफिस विचारतं, सासूबाईंची भिशी विचारते, लग्नात पंगतीला शेजारी बसलेले कुणीतरी काका विचारतात. गळ्यात पदक घालून काढलेला फोटो त्यांनी पाहिलेला असतो. पदक आहे म्हणजे नंबर आलाच असणार, असा साधा हिशेब. वेळेत पोचणाऱ्या प्रत्येकाला पदक मिळतं, असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा असा पडतो, जणू मी पदक दुकानातून आणलंय.

आठ वर्षं झाली विचारताय. तेव्हा एकदा नीटच सांगते.

मागच्या अर्ध मॅरेथॉनला मी एक हजार एकशे शेहेचाळिसावी आले. एकवीस किलोमीटर, दोन तास पंचेचाळीस मिनिटं. मामांना आकडा सांगितला तेव्हा ते जरा दचकले. "एवढे लोक पुढं?" मी म्हटलं, हो. "आणि मागं?" असतील शंभरेक. "मग ठीक आहे," म्हणाले आणि त्यांनी गेट उघडलं.

तुलनाच करायची तर केनियाच्या केल्विन किप्टमनं २०२३ मध्ये शिकागोत अख्खी मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, दोन तास पस्तीस सेकंदांत पळून काढली होती. मला त्याच्या निम्म्या अंतराला त्याच्यापेक्षा पाऊण तास जास्त लागतो. ह्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त त्याच्यासारखे आणि मी एकाच रस्त्यावर दोन वेगळे खेळ खेळतो, एवढंच.

हा दुसरा खेळ मी लहानपणी कधी पाहिलाच नव्हता. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ ला सुरू झाली. बाबा मला नेहरू स्टेडियमजवळ रस्त्याच्या कडेला घेऊन जायचे. "आले, आले" असा गलका व्हायचा आणि आपण टाचा उंचावेपर्यंत ते लांब टांगांचे परदेशी धावपटू निघूनसुद्धा गेलेले असायचे. बाबा मोजायचे: एक, दोन, तीन. दहा झाले की म्हणायचे, "चला, झाली शर्यत." घरी जाताना कोपऱ्यावर इडली. आमच्या पाठीमागे अजून कितीतरी माणसं पळत यायची होती, हे मला एकेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्या वर्षी रक्तातली साखर जरा वर गेली म्हणून तळजाईच्या टेकडीवर चालायला लागले. तळजाईला चालणारी बाई वर्षभरात उतारावर पळायला लागतेच. चढावर पळायला मला अजून एक वर्ष गेलं.

शर्यतीच्या शेपटाकडे काय काय असतं ते सांगते, कारण ते वर्तमानपत्रात येत नाही. शेवटच्या पाच किलोमीटरला रस्त्यावर चुरगळलेल्या कागदी पेल्यांचा गालिचा पसरलेला असतो आणि तो भलताच निसरडा असतो. पाण्याच्या टेबलांवरची कॉलेजची पोरं खोकी आवरत असतात. तुम्ही दिसलात की एखादी धावत येऊन अर्धी बाटली हातात कोंबते, "काकू, संपलंय, हे माझं घ्या." केळी संपलेली असतात, चिक्कीचा चुरा उरलेला असतो, मिठाचे उकडलेले बटाटे मात्र का कोण जाणे उरतातच. पुढे गेलेल्यांना ते नको असतात. मी आता त्या बटाट्यांच्या भरवशावर पळते.

साडेआठ वाजलेले असतात. अडवलेली वाहतूक सोडायची पोलिसांना घाई झालेली असते, आणि ज्यांना अडवलंय त्यांना त्याहून. एकदा एका चौकात हेल्मेट हाताला अडकवलेले एक आजोबा स्कूटरवरून ओरडले, "अहो, जिंकणारे घरी जाऊन आंघोळ करून झोपलेसुद्धा! आता तरी सोडा!" मला त्यांचा राग आला नाही. वस्तुस्थिती होती.

आणि सगळ्यांच्या मागून, दुसऱ्या गियरमध्ये, ॲम्ब्युलन्स. माझ्या दुसऱ्याच शर्यतीत तिचा ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी खिडकीतून मान काढून विचारत होता, "मॅडम, बसताय का?" पुण्यात एवढी वर्षं राहिले, कुठल्या रिक्षावाल्यानं आपणहून असं विचारलेलं आठवत नाही. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्याच्याकडे बघितलंच नाही, कारण बघितलं असतं तर बसले असते.

मागच्यांची शर्यत घड्याळाशी असते. कट-ऑफची, म्हणजे पोचायच्या मुदतीची, वेळ गेली की चटया गुंडाळतात. चटया म्हणजे रेषेवरच्या त्या काळ्या पट्ट्या. छातीवरच्या नंबराला मागून चिप चिकटवलेली असते आणि त्या पट्टीवरून गेलात की तुमची वेळ नोंदली जाते. ही मुदत सगळ्यात कठोरपणे पाळतात दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीत. १९२१ पासून चाललीय, साधारण नव्वद किलोमीटरची. आमच्या तळजाईच्या गटातलेही काहीजण तिथे जाऊन आलेत. तिथे बारा तासांची मुदत आहे. ती संपायच्या वेळी एक अधिकारी रेषेवर, येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि घड्याळावर बंदुकीचा बार काढतो. बार झाला की संपलं, मग तुम्ही रेषेपासून हातभर अंतरावर असा नाहीतर मैलभर. पाठ करून का, ह्याचं माझं उत्तर असं की तोंड करून उभं राहिलं तर कुठल्याही माणसाच्या हातून तो बार वेळेवर निघणार नाही. मी ती शर्यत पळणार नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण दर वर्षी तिची शेवटची दहा मिनिटं फोनवर बघते आणि डाळ करपवते.

आता ट्रायथलॉन. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मध्ये घड्याळ थांबत नाही. ऑलिम्पिकमध्ये दीड किलोमीटर पोहणं, चाळीस सायकल, दहा पळणं असतं. आयर्नमॅन म्हणतात ती ३.८, १८० आणि वर पूर्ण मॅरेथॉन. १९७८ ला हवाई बेटांवर ती पहिल्यांदा झाली तेव्हा पंधराजण उतरले आणि बाराजण पोचले. त्यात बाई एकही नव्हती. पुढच्या वर्षी एकच आली, लिन लेमेअर. बायकांत पहिली आली. दुसरं काय येणार?

माझी झेप आयर्नमॅनच्या निम्म्यापर्यंत: १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं, मुदत साडेआठ तास. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ पासून ह्या अंतराची मोठी शर्यत होते आणि तिला निम्मं पुणं लोटतं, असं आपलं मला वाटतं. मी मात्र समुद्राला भिते. मी निवडली ती घाटाखालची एक छोटी शर्यत, तळ्यातली.

पोहायला मी त्रेचाळिसाव्या वर्षी शिकले, तलावावरच्या लेडीज बॅचमध्ये. ही बॅच ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते: पाऊण तास असतो, त्यातली पहिली दहा मिनिटं टोपीत केस कोंबण्यात जातात, आणि तलावाच्या मधोमध कमरेइतक्या पाण्यात चारजणी उभ्या राहून कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत असतात. पंचवीस मीटरच्या तलावात १.९ किलोमीटर म्हणजे शहात्तर फेऱ्या. शहात्तर वेळा त्या चौघींना वळसा. पुढे तळ्यात दीडशे माणसांच्या लाथा चुकवताना ह्याचा मला फार उपयोग झाला. तळ्यात खाली रेघ नसते, भिंत नसते, पाणी हिरवं. दर आठ-दहा हातांनी मगरीसारखे डोळे वर काढून नारिंगी बोया कुठे आहे ते बघायचं. नाही बघितलं तर माणूस खुशाल तिरका पोहत राहतो आणि १.९ चे २.२ होतात.

पहिल्या वेळी मी पाण्यातून एक तास आठ मिनिटांनी बाहेर आले. मुदत सत्तर मिनिटं. पाय लटपटत होते, ओल्या पायांत मोजे चढेनात, सायकलपर्यंत यायला नऊ मिनिटं घालवली. तरी जमत होतं. बोपदेव घाट वर्षभर चढलेले होते, त्यामुळे चढांची भीती नव्हती. बासष्टाव्या किलोमीटरला मागचं चाक बसलं.

ट्यूब बदलायची कशी हे मला येत होतं. म्हणजे व्हिडिओ बघून येत होतं, स्वयंपाकघरात, पंख्याखाली. रस्त्यावर बारा वाजताच्या उन्हात टायर रिमवरून निघता निघेना. एक म्हशी घेऊन चाललेला मुलगा थांबून बघत राहिला आणि शेवटी न बोलता त्यानंच टायरची कड अंगठ्यांनी ढकलून आत बसवली. सतरा मिनिटं गेली. ही सर्वस्वी माझी चूक. घरी चार वेळा हातानं ट्यूब बदलली असती तर गेली नसती.

पोहणं आणि सायकल मिळून साडेपाच तासांची मुदत होती. मी पाच तास चौतीस मिनिटांनी पोचले. दोरी लावलेली होती. एक मुलगी पुढे आली, वीस-बावीसची असेल. गुडघ्यावर बसून तिनं माझ्या घोट्याचा चिपचा पट्टा सोडवला. वेल्क्रोचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. "सॉरी, काकू," म्हणाली. तिच्याच डोळ्यांत पाणी आलं, मग मलाच तिची समजूत घालावी लागली. निकालाच्या तक्त्यात अशा माणसापुढे नंबर नसतो. तीन अक्षरं असतात, डीएनएफ. शर्यत पूर्ण केली नाही.

त्या रात्री मामांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आलेच नाही."

"म्हणजे गेलाच नाहीत?"

"गेले होते. आले नाही."

मामांनी माझ्याकडे, मग सायकलकडे बघितलं आणि तिचं पुढचं चाक धरून लिफ्टपर्यंत आणून दिली. मागे किती होते, हे त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.

नवऱ्याला सांत्वन करता येत नाही. त्यानं आपला एक शोध लावून आणला. शिझो कानाकुरी नावाचा जपानी धावपटू १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये उन्हानं गळून वाटेतल्या एका घरी थांबला आणि कुणाला न सांगता तसाच मायदेशी गेला. स्वीडनच्या दफ्तरी तो बेपत्ता. १९६७ ला त्याला परत बोलावून, वयाच्या पंचाहत्तरीत, उरलेली शर्यत पुरी करायला लावली. वेळ नोंदली गेली ती ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं, २०.३ सेकंद. "त्यानं पन्नासच्या वर वर्षं घेतली. तू एक घे," नवरा म्हणाला आणि भांडी घासायला उठला. हे सांत्वनच होतं, असं मी नंतर ठरवलं.

मी एकच घेतलं. त्या वर्षात गच्चीवर ट्यूब किती वेळा बदलली ते विचारू नका. शेवटी शेवटी आठव्या मजल्यावरचा शाळकरी मुलगा स्टॉपवॉच लावून बसायचा. सहा मिनिटांवर आणली.

चाक त्या वर्षी बसलंच नाही, हे सांगायला नको. पोहायला एक तास दोन मिनिटं लागली. सायकल ठेवली तेव्हा बारा मिनिटं हातात होती. पळताना मात्र मी जवळजवळ चाललेच. ऊन असं होतं की टोपीत बर्फ ठेवला तर दोन खांब जाईपर्यंत त्याचं गरम पाणी व्हायचं. आठ तास एकोणीस मिनिटं. अकरा मिनिटं शिल्लक. मी मंडपात जमिनीवर बसून उकडलेला बटाटा खात होते तेव्हा माईकवरून माझं नाव घेतलं. मला वाटलं, सायकल चुकीच्या जागी लावली असेल.

माझा तिसरा नंबर आला होता.

ट्रॉफी एवढी मोठी की बसमध्ये मांडीवर घेऊन बसावं लागलं. मामांना गेटवरूनच दिसली. "तिसरा!" त्यांनी पार्किंगमध्ये गाडी पुसणाऱ्याला, इस्त्रीवाल्याला, कुत्रा फिरवायला निघालेल्या जोशीकाकूंना ओरडून सांगितलं. मी वर पोचायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर फुलांचे गुच्छ यायला लागले होते. सासूबाईंनी भिशीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी पेढे द्यायला खाली गेले तेव्हा मामांनी सवयीनं विचारलं, "आणि मागं किती होत्या?"

"मागं कुणी नव्हतं, मामा. माझ्या वयोगटात आम्ही तिघीच होतो."

"तिघीच?"

"तिघीच."

मामांनी पेढा तसाच हातात धरला. "एवढ्या मोठ्या पुण्यातनं?"

"पुणं, सांगली, कोल्हापूर, मुंबई, सगळं धरून."

"मग बाकीच्या बायका कुठं होत्या?"

मी सांगणार होते, पण तेवढ्यात मागून गाडीचा हॉर्न वाजला आणि ते गेट उघडायला गेले.

ग्रुपवर मात्र तिघींचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता हे वाचून कळेलच.