कार्डं वाटायला निघाले आणि चित्रं कुठे टांगायची तेच बदललं

माझ्या जलरंगांच्या प्रदर्शनाला पंधरा दिवस उरले होते तेव्हा एक अख्खा दिवस नुसता कार्डं वाटायला ठेवला होता. शंभर कार्डं, दहा पोस्टर आणि मोजपट्टी. कार्डं बघून आधीच जीव खट्टू झालेला, कारण स्क्रीनवर झळाळता दिसणारा निळा छापून मातकट आला होता, फाईल मी आरजीबीतच (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या रंगांत) पाठवली, छपाई सीएमवायकेमध्ये (चार शायांच्या रंगांत) होते आणि तसला निळा त्यात बसतच नाही. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मागवायलाच हवं होतं.

पहिल्या गॅलरीत सरळ टेबलापाशी गेले, गठ्ठा दिला, "ठेवून जा" म्हणाले, झालं. चुकलंच माझं. पुढच्या गॅलरीत मग आधी पाऊण तास त्यांचं प्रदर्शन नीट बघितलं आणि नंतर तिथल्या मॅडमशी बोलले, तर त्यांनी कार्ड हातात घेऊन वाचलं आणि विचारलं, वेळ कुठेय, सुट्टीचा वार कुठेय? तारखा आणि पत्ता होता, वेळच नव्हती!! बाहेर पायरीवर बसून उरलेल्या सगळ्या कार्डांवर पेनाने लिहून काढलं, तासभर गेला पण ते केलं म्हणून आज बरं वाटतंय.

तिसरीकडे कागदावरच्या कामांचं प्रदर्शन होतं. आत शिरल्यावर वाटलं दिवे गेलेत की काय. तिथल्या काकांनी सांगितलं पाच मिनिटं थांबा, डोळे सरावतील, आणि खरंच हळूहळू सगळे रंग दिसायला लागले. जलरंग प्रकाशाने उडतात आणि कागदही खराब होतो म्हणून संग्रहालयांत अशा कामांवर उजेड साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) ठेवतात आणि एकदा उडालेला रंग परत येत नाही. हे ऐकताना माझ्या पोटात गोळा आला, कारण माझ्या दोन चित्रांत अ‍ॅलिझरिन क्रिमझन हा गडद लाल रंग भरपूर आहे, तो तर प्रकाशात फिका पडणाऱ्या रंगांत बदनामच, आणि तीच दोन चित्रं मी खिडकीसमोरच्या भिंतीवर लावणार होते, उजेड छान येतो म्हणून.

मोजपट्टी पण इथेच कामाला आली. काकांना विचारूनच मापं घेतली. लहानमोठी सगळी चित्रं, पण प्रत्येकाचा मध्य जमिनीपासून १४७ सेंमीच्या आसपास. मी वरच्या कडा एका रेषेत आणणार होते. आता मध्यच जुळवायचे ठरवलं. खिळा किती उंचीवर ठोकायचा याचा हिशोब सोपा आहे, फ्रेमच्या उंचीचं अर्धं १४७ मध्ये मिळवायचं आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून जेवढी खाली राहते तेवढं वजा करायचं. म्हणजे फ्रेम ६० ची आणि तार ८ खाली असेल तर खिळा १६९ वर. कार्डाच्या मागेच लिहून घेतलं.

नंतर अजून दोन गॅलऱ्या केल्या, एकीकडे पोस्टर लावू दिलं, दुसरीकडे फक्त स्वतःच्याच प्रदर्शनांची लावतात, ठीक आहे. विचारल्याशिवाय कुठेच चिकटवलं नाही.

संध्याकाळी २३ कार्डं उरली, ती फ्रेमवाल्याकडे ठेवली, चित्रं बघणारी माणसं तिथे येतातच. घरी येऊन भिंतींचा नकाशा पुन्हा काढला. लाल रंगाची ती दोन्ही चित्रं आता आतल्या भिंतीवर, खिडकीपासून सगळ्यात लांब.