मिस्टरांच्या नव्वद दिवसांवर माझी पदवी

मी नाशिकला सिडको भागात अंगणवाडीत मदतनीस आहे. बारावी झाली, लग्न झालं आणि शिक्षण तिथंच राहिलं. मदतनिसाची सेविका होता येतं, पण पुढे मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी, व्हायचं तर पदवी लागते. म्हणून 2023 साली यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला प्रवेश घेतला. विद्यापीठ आपल्याच नाशिकचं, गोवर्धनला, 1989 पासूनचं. माझ्यासारख्या कितीतरी बायका तिथून शिकल्यात. तास सुटीच्या दिवशी असतात, त्यामुळे अंगणवाडी बुडत नाही.

अडचण पैशाची होती. तेव्हा मदतनिसाचं मानधन 5,500 रुपये. मुलांची फी, घरभाडं, त्यातून माझी फी आणि पुस्तकं. त्यात 4 डिसेंबरपासून राज्यभर आमचा बेमुदत संप सुरू झाला. मी संपात होते आणि असायलाच हवं होतं, पण त्या दिवसांत घर एकट्या मिस्टरांच्या मजुरीवर चाललं.

मिस्टर गवंडीकाम करतात. सरकारच्या बांधकाम कामगार मंडळात त्यांची नोंद होती. पेटी आणि भांड्यांचा संच मिळतो एवढं आम्हाला ठाऊक होतं. सेविकाताईंनी सांगितलं तेव्हा कळलं की पदवीच्या तिन्ही वर्षांसाठी दर वर्षी 20,000 रुपये मिळतात, कामगाराच्या दोन मुलांना आणि त्याच्या पत्नीलाही. पत्नीचं कुणी बोलतच नाही. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत मंडळाचं कार्ड आहे, पण त्यावर घरातली बाई शिकू शकते हे माहीत नाही.

अर्ज कामगाराच्या नावाने करायचा असतो आणि त्याची नोंदणी चालू असावी लागते. नोंदणीचं दर वर्षी नूतनीकरण करायचं. त्यासाठी मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र हवं. कागदावर सोपं वाटतं. पण गवंडी कुठं एका जागी असतो? पंधरा दिवस म्हसरूळला, महिनाभर पाथर्डी फाट्याला, मग गंगापूर रोडला कुणाच्या बंगल्याचं प्लास्टर. मिस्टरांची एक छोटी वही आहे. साइट, दिवस, हजेरी, उचल, सगळं त्यात लिहिलेलं. त्या वहीवरून दिवस भरत होते, पण वहीला कोण विचारतो? ठेकेदाराची सही-शिक्का लागतो, आणि सही म्हटलं की ठेकेदार मागे सरतात. आपल्यावर काही येईल अशी भीती त्यांना वाटते. एकाने तर फोन उचलणंच बंद केलं. शेवटी ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त दिवस भरले होते त्यांच्या घरी आम्ही दोघं वही घेऊन गेलो. त्यांनी पानं उलटली, आपल्या हिशोबाशी ताडून पाहिली आणि सही दिली.

त्यांनाही मी सांगितलं, हा पैसा कुणाच्या खिशातून दान म्हणून येत नाही. बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर घेतात, त्यातून या योजना चालतात. ज्यांनी भिंती उभ्या केल्या त्यांच्याच घामाचा तो वाटा आहे.

मग नावाचा घोळ. बारावीच्या गुणपत्रिकेवर माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. अर्ज त्रुटी दाखवून परत आला. आमच्या लग्नाची नोंदणी झालेली नव्हती. ती महापालिकेत केली, दाखला जोडला, रेशनकार्डावर नाव होतंच. अभ्यासकेंद्राचं बोनाफाईड मिळवायलाही वेळ गेला, कारण त्यांनी असा दाखला आधी कुणा बाईला दिला नव्हता.

मूळ कागद तपासायला तारीख मिळाली, तेव्हा अंगठ्याचं मशीन काही केल्या मिस्टरांचा ठसा घेईना. इतकी वर्षं सिमेंट आणि चुन्यात हात. बोटांवरच्या रेषा झिजून गुळगुळीत झाल्यात. हात धुऊन पाहिले, रुमालाने पुसून, जरा तेल लावून पाहिलं, एकेक बोट ठेवून झालं. मागे रांग वाढत होती. डाव्या हाताची करंगळी लागली एकदाची. काम केल्याचा याहून मोठा पुरावा काय हवा, असं मला तिथं उभ्या उभ्या वाटत होतं.

पैसे काही महिन्यांनी मिस्टरांच्या खात्यावर आले. त्यातून फी भरताना घेतलेले हातउसने फेडले, पुस्तकं घेतली, पुढच्या वर्षाची फी बाजूला काढली. दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाची गुणपत्रिका जोडून पुन्हा अर्ज केला. या वेळी नावाचा प्रश्न आला नाही.

मंडळाचे उपकार मी मानते. पण एक गोष्ट मला टोचते. ही मदत मला गवंड्याची बायको म्हणून मिळाली. सकाळी घराघरातून मुलं गोळा करून आणते, त्यांना खाऊ घालते, सेविकाताई मोबाईलवर पोषण ट्रॅकर ॲपमध्ये मुलांची माहिती भरत असतात तेव्हा मुलांना गाणी-गोष्टी घेते, त्यासाठी मिळाली नाही. आमच्या बीटमध्ये, म्हणजे एका मुख्यसेविकेखालच्या अंगणवाड्यांत, एक मदतनीस आहे, तिचे मिस्टर रिक्षा चालवतात. दुसरी विधवा आहे. दोघींना शिकायचं आहे, आणि या योजनेत दोघींना जागा नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आणि कमी शिकलेल्यांसाठी वर्षाची पदविका असं लिहिलं आहे. तीन ते सहा वयाच्या मुलांना शिकलेली बाई हवी, हे सरकारच म्हणतं. मग तिच्या शिक्षणाचा खर्च तिच्या स्वतःच्या कामावर मिळाला पाहिजे, नवरा काय करतो त्यावर नाही. युनियनच्या बैठकीत मी हे मांडलं आहे आणि पुन्हा मांडणार आहे.

तोवर ज्यांचे मिस्टर गवंडी, सेंट्रिंग, फरशी, रंगकाम करतात त्यांनी एवढं करा. लग्नाचा दाखला आधी काढून ठेवा. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहा, ती उलटली की अर्ज अडकतो. एक साइट संपली की दुसरीवर जायच्या आधीच ठेकेदाराकडून दिवसांची सही घ्या. आणि नोंदणी करून देतो म्हणून कुणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. आम्ही नूतनीकरणाला भरला तो 1 रुपया, आणि त्याची पावती आमच्याकडे आहे.