परसातली चूल की तांब्याचा बंब?

सोलापूरची गड्ड्याची यात्रा तोंडावर आली आणि आमच्या परसातली चूल बसली. घरात सहा माणसं, अंघोळीच्या पाण्याचं पातेलं सकाळी दोनदा चढायचं. नवी चूल घालावी की बंब आणावा, यात आठवडा गेला. गिझर नकोच होता. आमचं बोअरचं पाणी जड, कॉइलवर क्षाराचा थर चढतो.

आई म्हणायची, "अरे, चुलीला काहीही चालतं." खरंच होतं ते. तुराट्या, धसकटं, हाती लागेल ते घालावं, वर निखाऱ्यात वांगं भाजावं. पण फुंकणी घेऊन बसली की तिच्या डोळ्यांना धारा लागायच्या, आणि मागच्याच वर्षी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. माझं मन तिथंच बंबाकडे झुकलं.

भांड्यांच्या दुकानात मामांनी बंबाचं झाकण काढून मधली नळी दाखवली. जाळ नळीत, पाणी तिच्याभोवती. चुलीवर पातेल्याचं बूड तापतं आणि बराचसा जाळ बाजूनं निघून जातो. इथं धूरसुद्धा वर जाता जाता पाणी तापवतो. मामांनी सांध्यावरून माझं बोट फिरवलं. "पाणी भरल्याशिवाय काडी लावायची नाही." तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, सांधे जोडणारा डाख मात्र त्याच्या कितीतरी आधी सुटतो. मी बंबच घेतला.

पहिले चार दिवस वाईट गेले. बाभळीची ओली लाकडं घातली, नळी काजळीनं भरली, धूर खालून उलटा यायला लागला. मग लाकडं पत्र्याखाली वाळवली, वीतभर तुकडे केले, रोज जाळीखालची राख काढली. आता पूर्वीच्या निम्म्या जळणात सगळ्यांची अंघोळ होते.

धाकट्याला बंब न्हाणीत हवा होता, बादली उचलायला नको म्हणून. मी ठाम नकार दिला. बंद न्हाणीत जळणाचा विषारी वायू कोंडतो, त्याला वास नसतो, माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपते. बंब परसातच, उघड्यावर.

फुंकणी खुंटीला लागली. काल पाहिलं, तर आईनं बंबाच्या जाळीखाली, गरम राखेत दोन वांगी सारून ठेवली होती.