आमची वाटचाल : जळका वास ते मागची खोली

आमच्या धंद्याची सुरुवात जळक्या वासाने झाली. जपानहून आलेला एक गेम कन्सोल आम्ही दोघा भावांनी हौसेने थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडला. जपानची वीज १०० व्होल्ट, आमच्या सॉकेटात २३०. फट् असा आवाज झाला आणि मागच्या जाळीतून बारीक धूर निघाला. उघडून बघितलं तर फ्यूज काळा, शेजारचा कपॅसिटर फुगलेला. तो दुरुस्त करता करता आम्हाला हे काम लागलं ते लागलंच.

पहिली काही वर्षं परदेशी कन्सोल घरातल्या विजेशी आणि टीव्हीशी जुळवून देणं, एवढंच करायचो. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर चित्र कृष्णधवल यायचं, नाहीतर वर वर सरकत राहायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, मशीन बिघडलंय. मशीन ठणठणीत असायचं. ते एनटीएससीवालं, म्हणजे जपान-अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीचं, ५२५ ओळी आणि ६० हर्ट्झचं. टीव्हीला कळायची फक्त आपल्याकडची पाल पद्धत, ६२५ ओळी आणि ५० हर्ट्झ. टीव्हीला जोडायची नवी डिजिटल केबल, एचडीएमआय, आली, हा पद्धतींचा घोळ मिटला आणि आमचं निम्मं काम गेलं. अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट छापून यायला लागलं तेव्हा उरलेलंही जवळजवळ गेलं. (ते लेबल न वाचता जडशीळ ट्रान्सफॉर्मर घेणारे आजही भेटतात. आम्ही तो परत करायला लावतो.)

गाशा गुंडाळायच्या बेतात असताना एक फोन आला. अमेरिकेतून आणलेल्या कन्सोलला घरचं वायफाय दिसतच नाही. जाऊन बघितलं तर राउटर टीव्हीच्या शेजारीच. फोनवर नेटवर्क दिसतंय, कन्सोलला शेजाऱ्यांची पाच नेटवर्कं दिसतायत, घरचं तेवढं नाही. दोन तास डोकं खाजवल्यावर राउटरचं सेटिंग उघडलं. तो आपोआप १३ नंबरच्या चॅनलवर (वायफायच्या ठरलेल्या रेडिओ-पट्ट्यांपैकी एकीवर) जाऊन बसला होता. अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली बरीच उपकरणं २.४ गिगाहर्ट्झवर १ ते ११ एवढेच चॅनल धरतात. राउटर ११ वर बांधून टाकला, नेटवर्क लगेच यादीत आलं. आम्ही बॅग आवरत होतो, तेवढ्यात त्या बाई म्हणाल्या, "आलाच आहात तर मागच्या खोलीत रेंज का येत नाही, तेही बघा ना."

आता आमचं बहुतेक काम मागच्या खोलीचंच असतं. राउटर कपाटात कोंडलेला, मध्ये दोन काँक्रीटच्या भिंती. लोक रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, लावून मोकळे होतात. पण साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. गेमला तर वेगापेक्षा पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, स्थिर हवा. म्हणून आम्ही सरळ नेटवर्कची केबल ओढतो आणि तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून त्या खोलीत वायफाय देणारा डबा, बसवतो. १०० मीटरपर्यंत चिंता नाही. भिंतीला भोक पाडायचं म्हटलं की घरच्यांचे चेहरे पडतात, आणि आम्हा दोघांनाही ड्रिल धड चालवता येत नाही. त्यामुळे जो वायरमन आधी रोजंदारीवर यायचा, तो आता आमचा तिसरा भागीदार आहे.