पीसीसी, पाडलेली चाळ आणि सेशेल्सची नोकरी: माझा अनुभव

आम्ही नवरा-बायको हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर चार्टर बोटीवर, म्हणजे पाहुणे भाड्याने घेतात त्या बोटीवर काम करतो, असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "पोहता येतं का?" मग दुसरा, "बोट लागत नाही का?" या कामाला यायची इच्छा असलेले कितीतरी जण मला फोन करतात, पण जो प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा तो कुणीच विचारत नाही. पासपोर्टवर तुमचा जो पत्ता आहे, ती इमारत अजून उभी आहे का?

आमची नव्हती. त्यापायी पीसीसी, म्हणजे आपल्यावर गुन्हा नसल्याचा दाखला, अडकला आणि हातची नोकरी जवळजवळ गेली होती, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

काम काय ते थोडक्यात सांगते. ४५ फुटी कॅटमरान (दोन सांगाडे जोडून केलेली बोट), एका खेपेला आठ पाहुणे, मुक्काम एक आठवडा. माहे बेटावरून निघायचं, प्रालँ, क्युरिअज, ला डिग करत परत माहेला. नवरा कप्तान. स्वयंपाक, केबिनी, पाहुण्यांचं हवं-नको माझ्याकडे. कंपन्या मुद्दाम जोडपं शोधतात, कारण आमच्यासाठी केबिन एकच असते. तीही बोटीच्या पुढच्या निमुळत्या टोकात, डेकवरचं झाकण उघडून शिडीने आत उतरायचं. गिरगावातल्या दहा बाय सोळाच्या खोलीत पाच माणसांत संसार केलेल्या मला तिथे गुदमरायला झालं नाही. चाळीत पाणी सकाळी तासभर यायचं, त्यामुळे टाकीतलं पाणी जपून वापरायलाही कुणी शिकवावं लागलं नाही.

शिक्षणाचा भाग सरळ पार पडला. नवऱ्याने यॉटमास्टर ऑफशोअर केलं, म्हणजे अशा बोटींच्या कप्तानाची परीक्षा. परीक्षेला बसण्याआधी २५०० सागरी मैल आणि ५० दिवस समुद्रावर काढल्याची नोंद लागते. मुंबई-गोवा, मुंबई-कोची अशा बोटी पोचवण्याच्या कामांतून त्याचे मैल कित्येक वर्षांत जमत गेले होते. मी एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले, मूलभूत सुरक्षिततेचे कोर्स केले. त्याआधी इंडोस नंबर (भारतीय खलाशांचा नोंदणी क्रमांक) काढून ठेवा, त्याशिवाय प्रवेश मिळत नाही. पोहण्याच्या तलावात लाइफ जॅकेट घालून उंचावरून उडी मारायची आणि उलटा झालेला रबरी तराफा एकटीने सरळ करायचा, याची मला सगळ्यात धास्ती होती. ते एका दुपारीत झालं. वैद्यकीय तपासणीही झाली. (रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायची चाचणी आधी साध्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे करून बघा. लाल-हिरव्याचा घोळ असेल तर कोर्सवर पैसे घालण्याआधी कळलेलं बरं.) ऑगस्ट २०२४ मध्ये मुलाखत झाली आणि जानेवारीपासून या म्हणाले.

तिथल्या कामाच्या परवान्याला जीओपी म्हणतात. त्याचा अर्ज कंपनीच करते, आपण फक्त कागद पाठवायचे. आमच्या यादीत शेवटचा कागद होता पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पीसीसी. दोघांचं वेगवेगळं आणि सहा महिन्यांच्या आतलं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला ऑनलाइन मिळतो, तो वेगळा. परदेशासाठी लागतो तो पीसीसी पासपोर्ट कार्यालयाकडून येतो. आम्ही आधी पहिला काढून बसलो आणि तीन आठवडे वाया घालवले.

२ सप्टेंबरला अर्ज केला. फी प्रत्येकी ५०० रुपये. फॉर्ममध्ये वर्षभरात जिथे जिथे राहिलात ते पत्ते भरायचे असतात. एप्रिलपर्यंत आम्ही गिरगावात चाळीत होतो. चाळ पुनर्विकासाला गेली, बिल्डरने आम्हाला भाडं द्यायला सुरुवात केली आणि आम्ही बोरिवलीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. दोन्ही पत्ते खरे, दोन्ही भरले. बोरिवलीची चौकशी चार दिवसांत झाली. हवालदार आले, भाडेकरार बघितला, शेजाऱ्यांना विचारलं, गेले.

मग एका सकाळी फोन आला. मागे ड्रिलचा आवाज.

"मॅडम, तुमच्या पत्त्यावर उभा आहे. चाळ कुठे आहे?"

"साहेब, पाडली ती. मे महिन्यात."

"मग हा पत्ता कशाला दिला?"

मी फॉर्ममधला नियम सांगितला. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांची चूक म्हणता येणार नाही. त्यांच्यासमोर पत्र्याचं कुंपण, आत खड्डा आणि एक पोकलेन. आठवड्याने अहवाल गेला: दिलेल्या पत्त्यावर राहत नाहीत. दोघांचेही अर्ज अडकले.

पुढचा दीड महिना ज्या कार्यालयात गेला त्याचं नाव लिहीत नाही. पण तिथलं बाकडं, त्यावरचा फाटका हिरवा रेक्झिन आणि भिंतीवरचं बंद घड्याळ मी जन्मात विसरणार नाही. पहिल्या खेपेला सांगितलं, "गणपतीनंतर या, सगळे बंदोबस्ताला आहेत." ते मला पटलं. गिरगावात वाढलेल्या माणसाला विसर्जनाचा बंदोबस्त समजावून सांगावा लागत नाही. गणपतीनंतर गेलो तर ज्या माणसाकडे फाईल होती तो रजेवर. पुढच्या खेपेला तो भेटला आणि म्हणाला, "जुन्या पत्त्याचं चालू महिन्याचं लाइट बिल आणा."

मी त्याला तीनदा समजावलं. एप्रिलमध्ये मीटर काढून नेलं. मेमध्ये भिंत पाडली. ज्या भिंतीवर मीटर होतं ती भिंतच नाही, बिल कुठून येणार? तो शांतपणे म्हणाला, "नियमात चालू महिन्याचं आहे." कुठल्या नियमात, ते दाखवा म्हटलं तर नवरात्रानंतर यायला सांगितलं.

मी रागाने बोलले, तेही आवाज चढवून. त्याने फाईल उचलून गठ्ठ्याच्या सगळ्यात खाली ठेवली, मी बघत असताना. म्हणून सांगते, तिथे आवाज चढवू नका. दर खेपेला कुणाला भेटलात, काय सांगितलं, ते तारखेसकट वहीत लिहा. ती वही पुढे माझ्या कामी आली.

७ ऑक्टोबरला कंपनीचा मेल आला. महिनाअखेरपर्यंत पीसीसी आला नाही तर दुसऱ्या जोडप्याला घ्यावं लागेल. १५ तारखेला विधानसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या, आचारसंहिता लागली. आता २० नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत आपल्याकडे कुणी बघणार नाही, हे मी धरून चालले. नवरा त्या रात्री म्हणाला, "अगं, राहू दे. पुढच्या वर्षी बघू." मला ते सहन झालं नाही. २५०० मैल जमवायला ज्याने उमेदीची वर्षं घातली, त्याने एका पाडलेल्या भिंतीपायी माघार घ्यायची?

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पत्र्याची पेटी उघडली. बिल्डरशी झालेला पर्यायी जागेचा नोंदणीकृत करार त्यात होता, मागे भाडेकरूंच्या यादीसकट: खोली क्रमांक, मजला, क्षेत्रफळ. पण नाव सासऱ्यांचं, आमचं नाही. त्याला जोड म्हणून शिधापत्रिका, जिच्यात आम्हा दोघांचीही नावं होती. घरमालकाच्या जुन्या भाडेपावत्या. एप्रिलपर्यंतची लाइट बिलं. आणि मतदार यादीचं आमच्या पत्त्याचं पान, जे निवडणुकीमुळे सहज हाती लागलं.

आता शेजारी हवे होते, आणि शेजार तर विखुरलेला. सतरा नंबरचे भाऊ कळंबोलीला. बारा नंबरच्या काकू विरारला. दोघांच्याही आधार कार्डावर अजून चाळीचाच पत्ता होता, ते महत्त्वाचं ठरलं. सकाळच्या गर्दीत काकू विरारहून उभ्याने आल्या, सत्तरी उलटलेली बाई. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवीची गाठ मनगटाला. आधार काढायला पर्स उपडी केली तेव्हा त्यात बारा नंबरची किल्ली होती, लाल दोरा बांधलेली. जबाबावर त्यांनी सावकाश सही केली आणि कुणी सांगितलं नसताना खाली लिहिलं, "खोली क्र. १२, दुसरा मजला."

या वेळी मी त्या टेबलाशी गेलेच नाही. वही घेऊन थेट वरिष्ठांना भेटायची वेळ मागितली. त्यांनी वही चाळली, करार बघितला, काकूंना बसायला खुर्ची दिली. मग फाईलवाल्याला बोलावून म्हणाले, "इमारत पाडली आहे, आधी इथेच राहत होते, एवढं लिहायला काय हरकत आहे? माणसं समोर उभी आहेत." पाच मिनिटंही लागली नाहीत. सुधारित अहवाल त्याच संध्याकाळी गेला.

शुक्रवारी, २५ ऑक्टोबरला दोन पीसीसी हातात आले. काउंटरवरच मला रडू आलं. मागच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. डोळे पुसून मी आधी नावं तपासली, आणि तुम्हीही तिथेच तपासा. आपलं मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. पासपोर्टवर एक, कोर्सच्या सर्टिफिकेटवर दुसरं असेल तर परदेशात ती दोन माणसं ठरतात. माझं एक सर्टिफिकेट याच कारणाने आधी बदलून घ्यावं लागलं होतं.

जीओपी झाला, जानेवारीत मुंबईहून थेट विमानाने माहेला उतरलो. बाजारात पहिल्याच दिवशी नीरफणस दिसला, कोकणातल्यासारखाच. आमच्या बोटीवर पाहुण्यांना पहिल्या संध्याकाळी रव्यात घोळवून तळलेल्या नीरफणसाच्या कापा मिळतात, आणि त्या कधीही उरत नाहीत.

चाळ रिकामी करणार असाल तर अजून दोन गोष्टी, ज्या आधी सांगायला हव्या होत्या. नावाची पाटी, जिना, खोलीचं दार यांचे फोटो काढून ठेवा. आणि मीटर काढायच्या आधी शेवटच्या बिलाची छापील प्रत जपा. परदेशी जायचा नुसता विचार असेल तरी पीसीसीचा अर्ज चाळ उभी असतानाच्या दिवसांत बसवता येतो का ते बघा, बाकी कोर्स नंतर होतात.

सासूबाई बोरिवलीहून गिरगावात जाऊन दर महिन्याला बांधकामाचा फोटो पाठवतात. मागच्या आठवड्यात सातव्या मजल्याचा स्लॅब झाला. आमची खोली अकराव्यावर. नवऱ्याच्या पासपोर्टची मुदत २०२६ मध्ये संपते आणि तोवर ताबा मिळेल असं दिसत नाही. म्हणून बोरिवलीचा करार या वेळी वाढवताना रीतसर नोंदवला, आणि त्यात दोघांचीही नावं घातली.