मंद उजळणारा बॅटरीचा दिवा

माझ्या जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या चिन्हाचा लाल दिवा गेले काही महिने अधूनमधून लागत होता. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तो जसा लख्ख लागतो तसा नव्हे, तर राखेखालच्या निखाऱ्यासारखा, अंधारात नीट निरखून पाहिले तरच दिसेल इतका मंद. दहा-पंधरा मिनिटे दिसून तो आपोआप विझत असे, आणि गॅरेजमध्ये गाडी नेली तेव्हा तर एकदाही लागला नाही. मेकॅनिकने बॅटरी जुनी झाली आहे असे सांगितले, ते खरेही होते, म्हणून ती बदलली. चौथ्या दिवशी दिवा पुन्हा दिसला. मग अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून वीज तयार करणारे यंत्र, बदलण्याचा सल्ला मिळाला. तिथे मात्र मी थांबलो आणि हा दिवा नेमके काय सांगतो हे आधी समजून घ्यायचे ठरवले.

या दिव्यावर बॅटरीचे चित्र असले तरी तो बॅटरीची प्रकृती मोजत नाही. माझ्या गाडीसारख्या जुन्या रचनेत तो दोन टोकांच्या मध्ये जोडलेला एक साधा फिलामेंटचा बल्ब असतो. त्याच्या एका टोकाला इग्निशन स्विचमधून बॅटरीचा वीजपुरवठा येतो आणि दुसरे टोक अल्टरनेटरच्या ‘डी प्लस’ टर्मिनलला जाते. इंजिन बंद असताना अल्टरनेटरकडे व्होल्टेज जवळपास नसते, त्यामुळे बल्बमधून प्रवाह वाहतो, दिवा लागतो, आणि तोच छोटासा प्रवाह अल्टरनेटरच्या रोटरमध्ये, म्हणजे आतल्या फिरत्या भागात, चुंबकत्व निर्माण करण्यासाठी उपयोगी पडतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर वीज देऊ लागला की दोन्ही टोकांना सारखेच व्होल्टेज येते, बल्बमधून वाहायला प्रवाहच उरत नाही आणि दिवा विझतो. म्हणजे हा दिवा एक तराजू आहे. दोन्ही पारडी समान असली की तो शांत राहतो. असमान झाली की लागतो, मग कमी झालेले पारडे कोणतेही असो. अल्टरनेटर बदलायला सांगणाऱ्याने एकच बाजू कमी पडू शकते असे गृहीत धरले होते.

(याच कारणासाठी अशा गाडीत या जागी परस्पर एलईडी बसवू नये. तिच्यातून रोटरला पुरेसा प्रवाह मिळत नाही आणि इंजिनचा वेग बराच वाढेपर्यंत अल्टरनेटर कधी कधी जागाच होत नाही. शिवाय एलईडीतून प्रवाह एकाच दिशेने जातो, त्यामुळे उलट दिशेचा फरक ती दाखवणारच नाही. माझा दोष नेमका त्याच दिशेचा निघाला.)

अधूनमधून दिसणाऱ्या दोषाची खरी अडचण अशी की तपासायला बसावे तेव्हा तो नसतो. म्हणून मी गाडीत एक छोटी वही ठेवली आणि दिवा दिसेल तेव्हा वेळ, इंजिन किती वेळ चालू होते, पाऊस होता का आणि गाडीतली कोणकोणती विजेची उपकरणे चालू होती, एवढे लिहू लागलो. दिवा दिसला नाही अशा फेऱ्यांचीही नोंद ठेवली, कारण तिच्यावाचून पहिल्या नोंदीला अर्थ राहत नाही. तीन आठवड्यांत दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. दिवा फक्त रात्री दिसत होता. आणि प्रत्येक वेळी मागच्या काचेचा हीटर, पंखा व वायपर हे तिन्ही एकदम चालू होते. पहिल्या गोष्टीने मला काही दिवस चकवले. हेडलाइटचा काही संबंध असेल असे वाटून मी त्यांची वायरिंग तपासत बसलो. नंतर एका दुपारी डॅशबोर्डच्या मीटरवर जाड कापड धरून पाहिले, तर त्याखाली दिवा लागलेलाच होता. उन्हात तो दिसत नव्हता एवढेच. ज्याला मी रात्रीचा दोष समजत होतो तो खरे तर विजेच्या भाराचा दोष होता, आणि आता तो हवा तेव्हा घडवून आणता येणार होता. माझ्या मते अर्धे निदान इथेच झाले.

गाडी उभी ठेवून, इंजिन आयडलिंगवर, म्हणजे एक्सिलरेटर न दाबता, चालू ठेवून, तिन्ही उपकरणे चालू करून मल्टिमीटरने मोजमापे घेतली. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, अल्टरनेटरच्या डी प्लसवर १४.१ व्होल्ट. म्हणजे चार्जिंग व्यवस्थित होते आणि अल्टरनेटर निर्दोष होता. कार्बन ब्रश झिजले असते किंवा आतला डायोड गेला असता तर हीच बाजू खाली आली असती. दिव्याच्या दुसऱ्या टोकाला वीज देणाऱ्या फ्यूजवर मात्र केवळ १२.१ व्होल्ट मिळाले. दोन टोकांतला २ व्होल्टचा हा फरक १२ व्होल्टच्या बल्बचे फिलामेंट अंधारात लालसर करायला पुरेसा असतो. उपकरणे बंद करताच फरक नाहीसा झाला आणि दिवाही विझला.

पुढचा प्रश्न असा की बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या वाटेवर १.८ व्होल्ट कुठे हरवतात. इथे वायर सोडवून रोध मोजण्याचा मोह होतो, पण त्याने हाती काही लागत नाही. दोष एक दशांश ओहमचा असतो आणि साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त भरू शकतो. भार चालू ठेवून, मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरी वाटेवरच्या एकेका ठिकाणी टेकवत गेले की तुटीचा आकडा सरळ समोर येतो. इग्निशन स्विचमध्ये शिरण्यापूर्वी ०.१ व्होल्ट, स्विचमधून बाहेर पडल्यावर ०.२ व्होल्ट, आणि फ्यूज बॉक्सच्या कनेक्टरच्या पलीकडे एकदम १.८ व्होल्ट. म्हणजे १.६ व्होल्टची तूट त्या एका जोडावर होत होती.

बॅटरीची ऋण वायर सोडून मी तो कनेक्टर उघडला. एका टर्मिनलची पकड सैल झाली होती, तिचा धातू निळसर-काळा पडला होता आणि भोवतालचे पांढरे प्लॅस्टिक तपकिरी होऊन वाकले होते. एका परिचित इलेक्ट्रिशियनच्या क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती चिमटा धरून प्रवाह मोजणाऱ्या मीटरवर) त्या वायरीतून भाराखाली १८ अँपिअर प्रवाह वाहताना दिसला होता. १८ अँपिअर गुणिले १.६ व्होल्ट म्हणजे सुमारे २९ वॅट उष्णता. लहान सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटची असते. डॅशबोर्डच्या मागे, वायरींच्या जुडग्यात, बोटाच्या पेरापेक्षा लहान जागेत पावसाळी रात्री तासतासभर तेवढी उष्णता साचत होती, हे गणित कागदावर मांडल्यावर मी खरोखर हादरलो. नवीन बॅटरी किंवा नवीन अल्टरनेटर बसवूनही तो जोड तसाच तापत राहिला असता. त्या मंद दिव्याला किरकोळ समजून त्यावर काळी चिकटपट्टी लावण्याचा सल्लाही मला एकाने दिला होता.

जळका टर्मिनल कापून त्याच मापाचा नवा टर्मिनल वायरीवर क्रिंप केला, म्हणजे दाबून घट्ट बसवला, समोरची पिन घासून चकचकीत केली आणि कनेक्टरचा खोका बदलला. त्यानंतर तोच भार, तीच मोजणी: बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची एकूण तूट ०.२५ व्होल्ट. जाड कापडाखाली पंधरा मिनिटे पाहूनही दिव्यात लाली दिसली नाही.

हाच दिवा गाडी चालत असताना एकाएकी पूर्ण तेजाने लागला, तर मात्र नोंदी करत बसू नये. अल्टरनेटरचा पट्टा तुटला असण्याची शक्यता असते, आणि अनेक गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, त्यामुळे इंजिन काही मिनिटांत तापू शकते.

मागच्या काचेच्या हीटरला बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूजसह रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) बसवायचे काम आता हाती घेतले आहे, म्हणजे त्याचा प्रवाह इग्निशन स्विच आणि त्या जोडातून जाणार नाही. ते पूर्ण होईपर्यंत दर पंधरवड्याला फ्यूजवरची तूट मोजून वहीत लिहितो. शेवटची नोंद ०.२५ व्होल्टचीच आहे.