काय बघायलाव?

गळ्यात दुर्बीण अडकवून बागेत फिरणारा माणूस नांदेडात अजून तरी संशयास्पदच आहे. गोदावरीकाठच्या बागेत रोज चालायला येणाऱ्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात वाट बदलली. मग मी नदीकडं तोंड करून बाकावर बसायला लागलो. तिथं एक काका येऊन टेकले.

"काय बघायलाव?"

"पक्षी."

"कुठं हायत?"

प्रश्न रास्त होता. समोर संथ पाणी, जलपर्णी आणि दोन म्हशी.

खरं तर दुर्बीण घेतली होती नाथसागर जलाशयावरचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला. हिवाळ्यात पैठणला गेलो, लांब पाण्यात एक गुलाबी रेघ दिसली आणि परत आलो. दुर्बिणीचे पैसे वसूल व्हावेत म्हणून ही बाग.

तर घाटाच्या शेवटच्या पायरीशी निर्माल्य साचतं. झेंडूच्या माळा, नारळाच्या शेंड्या, त्यातच चिखलाचं एक ढेकूळ होतं. बघता बघता ढेकळाला पिवळा डोळा फुटला. ढोकरी! बगळ्यांतलीच एक. मान खांद्यात रुतवलेली, पाठ मातकट, छातीवर तपकिरी रेघोट्या. पाय उचलला तो असा, की पाण्यालाही कळू नये. मग बराच वेळ काहीच नाही. काकांनी घड्याळ बघितलं, मीही बघितलं. तेवढ्यात मान सटकन सुटली. एवढी मान त्या एवढ्याशा अंगात कुठं ठेवली होती कोण जाणे. चोचीत बोटाएवढी मासोळी वळवळत होती.

काकांनी टाळी वाजवली आणि ढोकरी उडाली. उडाली तेव्हा पांढरीशुभ्र! मातकट पाठीखाली एवढे पांढरे पंख, ठेवणीतल्या धोतरासारखे घडी घालून ठेवलेले. पुस्तकात हिचं दुसरं नाव वंचक. मला ते जरा कठोर वाटतं. फसलो आम्ही, आळ तिच्यावर.

त्या दिवसापासून काका रोज शेजारी. त्यांचं गाव कंधारकडलं. टिटवी ओरडली की त्यांना शेत आठवतं. उघड्या जमिनीवर, खड्यांत खडे दिसावेत अशी चार अंडी घालते ती. "उंचावर घातली की पाऊस लई, म्हणतेत," असं सांगून स्वतःच हसले. टिटवीचा अंदाज खरा ठरतो का, हे मी विचारलं नाही. वेधशाळेचा तरी कुठं विचारतो?

नोव्हेंबरात राज्यभर पक्षी सप्ताह असतो. 5 तारखेला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा. मी वही घेऊन यादी करायला बसलो. खंड्या, वेडा राघू, पाणकावळा, धोबी. सातभाईंवर गाडी अडली. मी मोजले सहा, काकांनी मोजले पाच, आणि त्यांचं आपलं झुडपाखाली एकमेकांवर खेकसणं चालूच. "दोन भाऊ सासुरवाडीला गेले असतील," काका म्हणाले. पण मग ते मोजायचे कसे?

परवा मला उशीर झाला. काका आधीच बाकावर. बोट ओठांवर, नजर शेवटच्या पायरीवर. दुर्बीण मागून घेतली त्यांनी, पहिल्यांदाच. श्वास धरून आम्ही दहा मिनिटं त्या ढेकळाकडं बघत बसलो.

नारळ होता.